संधात्याची मुलाखत : तयारी वर्षभराची

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या मेळाव्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे निदेशक, माध्यमिक शाळांतील शिक्षक, पंचायत सदस्य आणि प्रशिक्षणार्थी यांच्यासमोर एका निवृत्त बांधकाम अभियंत्याने केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



बांधकामावरील वेल्डरच्या नोकरीसाठी मुलाखतीची तयारी कशी करावी, या विषयावर बोलण्याची आज्ञा आपण मला केलीत. शासकीय प्रशिक्षणाच्या परिभाषेत या कारागिराला ‘संधाता’ म्हणतात. संधान म्हणजे सांधणे, जोडणे. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. परंतु साइटवर त्या नावाने हाक मारली तर कोणी मान वर करणार नाही. तेथे तो ‘वेल्डर’च. मी दोन्ही शब्द वापरणार आहे.

विषय वरवर लहान वाटतो. पण त्यामागे एका घराची वर्षभराची आशा असते. आठवी किंवा दहावी झालेला मुलगा या संस्थेत संधाता व्यवसायाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करतो. घरचे लोक त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च सोसतात. मग एके दिवशी तो पहाटेच्या गाडीने शहरात मुलाखतीला जातो आणि संध्याकाळी ‘कळवू म्हणाले’ एवढेच शब्द घेऊन परत येतो. मी अनेक वर्षे मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलो आहे. माझा अनुभव असा की, परत गेलेल्यांपैकी पुष्कळ मुले हाताने कमी नव्हती. कोणाचे कागद अडले, कोणी घाईत प्लेट बिघडवली, तर कोणी ठाऊक असलेले उत्तरही भीतीने दिले नाही. हे दोष दूर करता येण्यासारखे आहेत. त्यासाठी एकट्या मुलाने झटून भागणार नाही. आपणा सर्वांचा हातभार लागणार आहे.

मुलाखत घेणारा काय शोधत असतो?

सुताराने केलेला सांधा डोळ्यांनी पारखता येतो. वीट वाकडी बसली तर ओळंबा लावताच कळते. वेल्डिंगचे तसे नाही. वरून जोड सुबक, माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा दिसतो आणि आत मळी अडकलेली असते, किंवा मुळाशी धातू धातूशी एकजीव झालेलाच नसतो. प्रत्येक जोडाचे क्ष-किरण चित्र घेणे बहुतेक साइटवर शक्य होत नाही. बाकीच्या जोडांची हमी शेवटी तो जोड करणाऱ्या माणसाच्या सचोटीवरच राहते.

या गोष्टीची किंमत जगाने मोजली आहे. बेल्जियममध्ये हॅसेल्ट येथे कालव्यावर बांधलेला, पूर्णपणे वेल्डिंगने जोडलेला पोलादी पूल मार्च १९३८ मध्ये तडे जाऊन कोसळला. बांधून फार दिवस झालेले नव्हते. पोलादाचा ठिसूळपणा, जोडांची रचना, जोडात राहिलेले ताण अशी कारणे त्यामागे होती. त्यातून अभियंत्यांनी घेतलेला एक धडा असा : रिव्हेट मारलेल्या बांधणीत तडा बहुधा एका पत्र्याच्या कडेशी थांबतो; वेल्डिंगच्या बांधणीत धातू सलग असल्याने तोच तडा पुढच्या भागात शिरू शकतो. एका जोडातील दोष त्या जोडापुरता राहत नाही.

आज आपल्या राज्यात वेल्डिंगवर केवढा भार आहे पाहा. जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झालेला मुंबईचा अटल सेतू सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या सागरावरील भागात पोलादी तळाचे गाळे असून सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा आहे. असे गाळे म्हणजे असंख्य जोडांची मालिकाच. अशा कामावर नेमणूक करणारा माणूस मुलाखतीत मनाशी एकच प्रश्न विचारीत असतो : ‘कोणी पाहत नसताना हा काम कसे करील?’ कागद, चाचणी आणि प्रश्न हे सारे याच एका प्रश्नाची रूपे आहेत.

माझ्या हातून घडलेली एक चूक येथे सांगितली पाहिजे. एका कारखान्याच्या उभारणीसाठी आम्ही वेल्डर निवडत होतो. शेवटच्या जागेसाठी दोन तरुण होते. पहिल्याने वेळेआधी प्लेट आणून दिली. वरचा थर इतका देखणा होता की आम्ही ती प्लेट एकमेकांना दाखवली. दुसऱ्याच्या मुळाच्या थरात भोक पडले. तो थांबला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, “साहेब, इथे जळलं आहे. घासून परत भरतो, थोडा वेळ द्यावा.” आम्ही वेळ दिला नाही. त्या दिवशी उशीर झाला म्हणून प्लेटी वाकवून पाहण्याची चाचणीही घेतली नाही. पहिल्याला घेतले, दुसऱ्याला परत पाठवले. दोन महिन्यांनी जिन्याजवळच्या एका फलाटाचा आधार रात्री निखळून पडला. सुदैवाने त्यावर कोणी नव्हते. तो जोड त्या पहिल्या तरुणाचा होता. वरून सुंदर आणि आत मळीने भरलेला. दोष त्याचा जेवढा, त्याहून अधिक माझा होता. जो मुलगा स्वतःची चूक आपण होऊन दाखवीत होता, त्यालाच मी नाकारले होते. त्यानंतर वाकवण्याची चाचणी मी कधी चुकू दिली नाही आणि ‘साहेब, इथे चुकलं’ म्हणणाऱ्या उमेदवारास कधी हलके लेखले नाही.

पहिला टप्पा : कागद

उमेदवाराची पहिली ओळख कागदावरून होते. शाळा सोडल्याचा दाखला, संस्थेची गुणपत्रिका व राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, आधार, बँकेचे पुस्तक, छायाचित्रे आणि असल्यास शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र, एवढे एका फाइलीत क्रमाने लावलेले असावे. मूळ प्रती वेगळ्या व छायाप्रती वेगळ्या ठेवाव्या. मूळ प्रत दाखवावी. पोच घेतल्यावाचून कोणाच्या स्वाधीन करू नये.

सर्वांत मोठी अडचण नावाची असते. दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’, आधारवर ‘ज्ञानदेव’. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. जन्मतारखेत महिन्याचा फरक. गावात याने काही बिघडत नाही. परंतु साइटचे प्रवेशपत्र, विमा, भविष्य निर्वाह निधी या प्रत्येक ठिकाणी हा फरक आडवा येतो. दुरुस्तीला काही आठवडे लागतात आणि मुलाखतीचे पत्र मात्र चार दिवस आधी येते. यास्तव प्रवेश घेतला त्याच महिन्यात नाव व जन्मतारीख ताडून पाहावी.

अनुभवाची माहिती खरी लिहावी. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात सुट्टीत काम केले असेल तर ते अभिमानाने लिहावे : किती महिने, कोणते काम, दारे-खिडक्या की गोठ्याचा सांगाडा. खोटे अनुभवपत्र मात्र कदापि जोडू नये. दोन प्रश्नांत ते उघडे पडते आणि मग खऱ्या कागदांवरही विश्वास राहत नाही.

दुसरा टप्पा : हाताची चाचणी

बांधकामावरील वेल्डरची खरी मुलाखत कार्यशाळेत होते. बहुधा दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या दोन प्लेटी देतात. त्यांच्या कडा तिरप्या घासून ‘व्ही’ आकाराची खाच करावयाची, टाके मारावयाचे आणि मूळ, भराव व वरचा थर या क्रमाने जोड पुरा करावयाचा. स्थिती सांगितलेली असते. सपाट स्थितीला १ जी, आडव्याला २ जी, उभ्याला ३ जी आणि डोक्यावरच्या कामाला ४ जी म्हणतात. शिकताना सपाट स्थितीचा सराव अधिक होतो; साइटवर मात्र तुळई उलटी करून कोणी देत नाही. म्हणून ३ जी व ४ जी या स्थितींचा सराव अखेरच्या चार महिन्यांत नित्याचा व्हावा.

परीक्षकाचे लक्ष ठिणगी पडण्यापूर्वीच सुरू होते. उमेदवाराने यंत्राची केबल, होल्डर व अर्थिंगचा शिकंजा तपासला का? प्लेटीवरचा गंज, रंग व तेल काढले का? रॉडचे वेष्टन वाचले का? त्यावरील आकड्यांचा अर्थ त्याला सांगता आला पाहिजे. ‘ई ६०१३’ मधील ६० हा आकडा जोडाची किमान ताणशक्ती, म्हणजे चौरस इंचास ६०,००० पौंड, दर्शवितो. त्यापुढचा १ म्हणजे सर्व स्थितींत वापरता येणारा. शेवटचा आकडा लेपाचा व विद्युतप्रवाहाचा प्रकार सांगतो. ‘ई ७०१८’ हा कमी हायड्रोजनचा रॉड आहे. ओल धरली की त्याचा गुण जातो आणि जोडात तडे जाण्याची भीती वाढते. म्हणून तो उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला, बहुधा २५० ते ३५० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजून, मग गरम डब्यातून एकेक काढून वापरतात. “हे रॉड भाजलेले आहेत का?” असे उमेदवाराने परीक्षकासच विचारले, तर तो उद्धटपणा नव्हे. त्याला काम कळते याची ती खूण आहे.

प्रवाह किती ठेवावा याचा साधा आडाखा, रॉडच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला सुमारे चाळीस अँपिअर, असा आहे. ३.१५ मिलिमीटरच्या ६०१३ रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर लागतात. उभ्या व डोक्यावरच्या कामात थोडा कमी ठेवतात. नेमका आकडा रद्दीच्या तुकड्यावर रॉड चालवून ठरवावा; तशी परवानगी मागण्यात कमीपणा नाही.

प्रत्येक थरानंतर मळी पूर्ण काढणे, तारेच्या ब्रशने घासणे आणि पाहून मगच पुढे जाणे, ही सवय परीक्षकाला कौशल्याहून मोलाची वाटते. जोड झाल्यावर तो डोळ्यांनी तपासला जातो : कडेला खाच पडली आहे का, छिद्रे आहेत का, धातू नुसताच वर चढून बसला आहे का. नंतर प्लेटीच्या पट्ट्या कापून त्या वाकवितात. मुळाची बाजू बाहेर ठेवून वाकविले की आतले सत्य बाहेर येते. प्रशिक्षणार्थींनी संस्थेतच आपल्या हाताने केलेली प्लेट वर्षातून दोनचार वेळा तरी वाकवून पाहावी. स्वतःचा जोड फुटताना एकदा पाहिला की मुळाच्या थरात घाई करण्याची इच्छा होत नाही.

तिसरा टप्पा : प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न इंग्रजीत येतील या धास्तीने पुष्कळ मुले गप्प बसतात. साइटची भाषा मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांची मिसळ असते. सफाईदार इंग्रजी कोणी मागत नाही. मात्र रॉडच्या वेष्टनावरचा, कामाच्या परवान्यावरचा आणि नकाशावरचा मजकूर वाचता यावयास हवा. नकाशात वेल्डिंगची खूण बाणाने दाखवितात. त्रिकोण म्हणजे कोनातील जोड. त्याच्या डावीकडचा आकडा जोडाचे माप. बाणाच्या कोपऱ्यावर वर्तुळ असेल तर जोड सर्व बाजूंनी. आणि झेंडा असेल तर तो जोड कारखान्यात न करता उभारणीच्या जागी करावयाचा. बांधकामावरच्या वेल्डरला हा झेंडा ओळखता आला नाही, तर त्याचे काम कोठे सुरू होते हेच त्याला कळणार नाही.

सुरक्षिततेचे प्रश्न हमखास असतात आणि त्यांची उत्तरे पाठ करून चालत नाही. चाप वेल्डिंगला सामान्यतः १० ते १२ क्रमांकाची काच वापरतात. जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडाचा धूर फुप्फुसात गेला तर ताप भरतो. म्हणून मुलामा घासून काढावा आणि हवा खेळती ठेवावी. आपल्याकडे ऑक्सिजनचे सिलिंडर काळे व ॲसिटिलीनचे तांबूस-तपकिरी असते. दोन्ही उभी व साखळीने बांधलेली ठेवावीत, आणि ऑक्सिजनच्या झडपेला तेलाचा हात लावू नये. घामाने भिजलेल्या अंगाने, ओल्या जागी उभे राहून रॉड बदलू नये. ठिणग्या अकरा-बारा मीटरपर्यंतही उडू शकतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी भोवतालचे व खालचे जळाऊ सामान हलवावे, जवळ अग्निशामक ठेवावा आणि काम संपल्यावरही काही वेळ लक्ष ठेवावे.

एक प्रश्न मी नेहमी विचारीत असे : “तिसऱ्या मजल्यावर जोड करावयाचा आहे, पट्टा बांधावयास जागा नाही आणि मुकादम म्हणतो, दोन मिनिटांचे काम आहे, चढ. तू काय करशील?” बहुतेक मुले म्हणत, “चढेन साहेब, घाबरत नाही.” धाडसी उत्तर देण्याने नोकरी मिळते असा त्यांचा समज. योग्य उत्तर असे : “आधार बांधून द्या, मग लगेच चढतो.” हे नम्रपणे पण ठामपणे म्हणता आले पाहिजे. ज्याला असे उत्तर आवडणार नाही, त्याच्याकडची नोकरी आपल्या मुलास न मिळाली तर दुःख मानू नका.

आणि जे येत नाही त्याविषयी? “पाइप ४५ अंशात धरून करावयाचा ६ जी जोड केला आहेस का?” असे विचारले आणि केला नसेल, तर म्हणावे, “नाही केला. ३ जी आणि ४ जी करतो. संधी मिळाली तर शिकेन.” हे उत्तर देणाऱ्यावर भरवसा ठेवता येतो. ‘हो’ म्हणणाऱ्याला पाइपजवळ नेले की पाचव्या मिनिटाला सारे उघड होते.

उमेदवारानेही विचारावयाचे असते. वेतन किती, जादा कामाचा दर काय, राहण्याची सोय कोठे, सुरक्षा साधने कोण देणार, वेतन ठेकेदाराकडून की कंपनीकडून, हे प्रश्न संकोच न बाळगता विचारावेत आणि नेमणूक लेखी मागावी. नोकरीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. परदेशी जावयाचे असल्यास, १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदलेल्या भरती संस्थेखेरीज कोणाशी व्यवहार करू नये आणि करारपत्र समजल्यावाचून सही करू नये.

आपले काम

आता मोठ्या माणसांसाठी थोडेसे.

निदेशक बंधूंना माझी विनंती अशी की, दर महिन्याला एक दिवस संस्थेत खरी मुलाखत भरवा. टेबल मांडा, अनोळखी माणसे बसवा. त्यांत एखादा सरपंच असावा आणि सुट्टीवर गावी आलेला एखादा जुना वेल्डर अवश्य असावा. प्लेट वेळ लावून करून घ्या आणि दोष सर्वांसमक्ष समजावून सांगा. नापास झालेला मुलगा येथेच नापास झाला तर त्याचे काही जात नाही. अभ्यासक्रमानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालची संधी मिळवून देण्यातही पुढाकार घ्या. त्या काळात मिळालेला साइटचा वारा मुलाखतीत उपयोगी पडतो.

शिक्षकांनी भूमितीतला कोन, दशांश अपूर्णांक आणि मिलिमीटरची पट्टी यांचा संबंध मुलांच्या हातांशी जोडून द्यावा. तीस अंशाची तिरपी कड म्हणजे काय, हे वर्गात लाकडाच्या तुकड्यावर दाखविता येते. मुलगा वा मुलगी आपले नाव, शिक्षण आणि केलेले काम दोन मिनिटे उभे राहून सांगू शकेल, एवढा सराव शाळेत झाला तरी पुष्कळ झाले. मुलींचा उल्लेख मी मुद्दाम केला. स्थिर हात आणि चिकाटी यांवर कोणा एकाचा मक्ता नाही.

पंचायत सदस्यांनी प्रशिक्षणार्थींची यादी गावात ठेवावी आणि दाखले व नावातील दुरुस्त्या यांसाठी वर्षातून एक दिवस द्यावा. काम लागल्यावरही त्यांना विसरू नये. १८ वर्षे पूर्ण झालेल्या व ६० वर्षांखालील, आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला कल्याणकारी मंडळाकडे लाभार्थी म्हणून नोंदणी करता येते. हे गावी कोणी सांगत नाही, म्हणून पुष्कळ जण त्यापासून वंचित राहतात.

प्रशिक्षणार्थी मित्रांनो, मुलाखतीच्या आदल्या रात्री नवे काही शिकू नका. कागद पाहा, बूट व सुती पूर्ण बाह्यांचा सदरा काढून ठेवा, वेळेवर झोपा. डोळे ताजे नसतील तर मुळाचा थर दिसत नाही. तेथे गेल्यावर हात शांत ठेवा आणि चुकले तर लपवू नका. वर्षभर तुम्ही प्रत्येक जोड आतून पक्का केला असेल, तर त्या दिवशी निराळे काही करावे लागणार नाही. तुमच्या जोडावरून उद्या माणसे चालणार आहेत, गाड्या धावणार आहेत. त्यांना तुमचे नाव ठाऊक नसेल. पण त्यांचा जीव तुमच्या सचोटीवर विसंबलेला असेल.